अहवालांनी वीज तयार होत नाही, मग धोरण-संशोधन कशाला?

प्रश्न एका तरुण विद्युत अभियंत्याचा आहे. काही वर्षं सौर प्रकल्पांच्या उभारणीत घालवल्यावर त्यांच्यासमोर एका धोरण-संशोधन गटात रुजू होण्याची संधी आलीय. सहकारी चेष्टा करतात, "पॅनेल स्वस्त झाली ती कारखान्यांमुळे. अहवाल लिहून कुणाच्या घरी दिवा लागलाय का?" त्यांना विचारायचंय की कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्यात या संशोधनाचा खरोखर काही हात असतो का, आणि असेल तर नेमका कुठे.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं आधी मान्य करून टाकू. 2010 ते 2023 या काळात जगभरात नव्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा सरासरी खर्च सुमारे 90 टक्क्यांनी उतरला. ही करामत कारखान्यांतली आहे. पण कारखाना कर्जावर उभा राहतो आणि कर्ज पुढच्या मागणीच्या भरवशावर मिळतं. हा भरवसा कुठून आला, ते बघितलं तर गोष्ट एका कायद्यापाशी जाते.

जर्मनीने 1990 साली पवन आणि सौर विजेसाठी पहिला कायदा केला. ग्राहकाकडून सरासरी जो दर घेतला जातो त्याच्या 90 टक्के दर उत्पादकाला द्यायचा, असं सूत्र होतं. पवनचक्क्यांना ते पुरलं. सौर विजेला अजिबात पुरलं नाही, कारण तेव्हा तिचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. मग आखेन शहरातल्या मंडळींनी वेगळा हिशेब मांडला: दर बाजारभावाला बांधण्याऐवजी त्या त्या तंत्राच्या खर्चाला बांधा. तिथल्या स्थानिक वीजपुरवठ्यात ते आधी करून बघितलं गेलं आणि 2000 सालच्या राष्ट्रीय कायद्यात तोच विचार आला. 20 वर्षं ठरलेला दर, तंत्रानुसार वेगळा. आणि नव्याने येणाऱ्या सौर प्रकल्पांसाठी तो दरवर्षी 5 टक्क्यांनी कमी. पुढे चीनमध्ये जे मोठे कारखाने उभे राहिले, त्यांना सुरुवातीचं गिऱ्हाईक बऱ्याच अंशी या आणि अशाच कायद्यांनी मिळवून दिलं.

आता त्याच कल्पनेची दुसरी आवृत्ती बघा. स्पेनने 2007 साली सौर विजेला घसघशीत दर जाहीर केला. 2010 पर्यंत साधारण 400 मेगावॉट क्षमता उभी राहावी एवढाच बेत होता. आदेशात एक कलम असं होतं की उद्दिष्टाच्या 85 टक्क्यांपर्यंत पोचलं की पुढे किमान वर्षभर जुना दर चालू राहील, मग नवा लागू होईल. कागदावर हे कलम समंजस वाटतं. गुंतवणूकदाराला अचानक धक्का बसू नये एवढाच हेतू. पण ती 85 टक्क्यांची रेघ काही महिन्यांतच ओलांडली गेली आणि त्या वर्षभराच्या मुदतीत जो तो प्रकल्प उरकायला धावला. एकट्या 2008 मध्ये 2,500 मेगावॉटहून अधिक क्षमता उभी राहिली. बिल मोठं आलं, ते ग्राहकाच्या दरात पूर्ण चढवायची सरकारची तयारी नव्हती, त्यामुळे वीज व्यवस्थेत तूट साचत गेली. शेवटी 2010 ते 2013 या काळात आधी कबूल केलेले दरच कापले. गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि स्पेनमधली सौर उभारणी कित्येक वर्षं थंडावली.

दोन्ही देशांची कल्पना एकच. एकीकडे दर आपोआप उतरत गेला, दुसरीकडे ब्रेक वर्षभर उशिरा लागेल असं आदेशातच लिहिलेलं. ते एक कलम आधी कुणीतरी वाचून, "खर्च झपाट्याने उतरला तर या वर्षात किती प्रकल्प घुसतील?" एवढा हिशेब करणं म्हणजे धोरण-संशोधन. 'स्वच्छ ऊर्जा हवी' हे सांगायला संशोधक लागत नाही. नेमका कुठला नियम अडवतोय आणि तो बदलला तर पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जाईल, हे दाखवायला लागतो. मी तीन दशकांच्या आसपास हेच करत आलोय, म्हणून पुढचं सगळं याच खिडकीतून बघितलेलं आहे. दुसऱ्या कुणाला चित्र वेगळं दिसू शकेल.

तुम्ही अभियंते आहात, म्हणून एक आकडेमोड करून बघा. कोळशाच्या विजेत खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा, तो रोजच्या रोज होतो. सूर्य आणि वारा फुकट, पण जवळपास सगळा पैसा पहिल्या दिवशी ओतावा लागतो. समजा प्रकल्पाला 100 रुपये लागले आणि ते 25 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचेत. भांडवल 5 टक्क्यांनी मिळालं तर वर्षाचा हप्ता साधारण 7 रुपये 10 पैसे. तेच 10 टक्क्यांनी मिळालं तर 11 रुपये 2 पैसे. पॅनेल तेच, ऊन तेच, अभियंताही तोच. तरी वीज 55 टक्के महाग. गरीब देशांत ऊन जास्त असूनही सौर वीज पडू शकते त्याहून महाग का पडते, याचं मोठं उत्तर या दोन हप्त्यांच्या फरकात आहे. पॅनेलच्या कार्यक्षमतेत एखाद-दोन टक्क्यांची वाढ व्हावी म्हणून प्रयोगशाळा वर्षानुवर्षं झिजतात, आणि इकडे वीज विकत घेणारी कंपनी बिलं वेळेवर देत नाही या भीतीपोटी बँक व्याज दोन-तीन टक्के चढवून ठेवते. पैसे थकले तर कोण भरणार, जमीन ताब्यात न मिळाल्यास जोखीम कुणाची, ग्रिडने, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याने, वीज घ्यायला नकार दिला तर भरपाई मिळणार का: कराराची ही तीन-चार कलमं नीट लिहिली तर व्याज उतरतं. ती कशी लिहावीत हे शोधण्याचं काम कुठल्याही कारखान्यात होत नाही.

दर ठरवण्याची गोष्ट निघालीच आहे तर ब्रिटनचं अलीकडचं उदाहरण सांगतो, मला ते फार आवडतं. तिथे समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी लिलाव होतात, कमी दरात वीज द्यायला तयार असेल त्याला करार मिळतो, आणि सरकार बोलीची कमाल मर्यादा आधी जाहीर करतं. आधीच्या फेऱ्यांत भाव उतरत गेले होते, त्यामुळे 2023 च्या फेरीसाठी मर्यादा मेगावॉट-तासाला 44 पौंड ठेवली (2012 च्या किमतींनुसार). मधल्या काळात पोलाद, जहाजं, टर्बाइन आणि व्याज सगळंच महागलं होतं. कंपन्या आधीपासून ओरडून सांगत होत्या. पण कंपन्या नेहमीच ओरडतात, त्यामुळे कुठली ओरड खरी हे ओळखायला स्वतःचा हिशेब असावा लागतो. त्या सप्टेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा समुद्री पवन प्रकल्पाची एकही बोली आलेली नव्हती. दोनच महिन्यांत सरकारने पुढच्या फेरीची मर्यादा 73 पौंडांवर नेली आणि 2024 मध्ये बोली परत आल्या. तंत्रज्ञान होतं, वारा होता, इच्छाशक्तीही होती. चुकला होता तो एक आकडा.

ज्या कामाला मी सगळ्यात जास्त मान देतो ते मात्र निव्वळ मोजणीचं आहे. अमेरिकेत नवा प्रकल्प ग्रिडला जोडायचा तर रांगेत अर्ज करावा लागतो, आणि त्या जोडणीचा ग्रिडवर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास होतो. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतले संशोधक या सगळ्या विखुरलेल्या रांगा एकत्र करून दरवर्षी मोजतात. 2022 अखेर रांगेत 2,000 गिगावॉटहून (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) अधिक क्षमता उभी होती, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेपेक्षाही जास्त. 2000 ते 2017 दरम्यान अर्ज केलेल्या प्रकल्पांपैकी जेमतेम पाचातला एक प्रत्यक्षात उभा राहिला. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं. 'आधी येईल त्याचा अभ्यास आधी' असा नियम होता, म्हणून जागा नसलेले, पैसा नसलेले लोकही नंबर लावून ठेवत. मधला एक गळाला की मागच्या सगळ्यांचा अभ्यास पुन्हा करावा लागे. जुलै 2023 मध्ये तिथल्या केंद्रीय नियामकाने नियम बदलला: अर्जांचा गटाने अभ्यास, आणि ज्याची तयारी पक्की त्याला प्राधान्य. एवढ्याने रांग संपलेली नाही. पण 'परवानग्यांना वेळ लागतो' ही वर्षानुवर्षांची कुरकुर आणि 'एवढे गिगावॉट, एवढी वर्षं, या कलमामुळे' हे वाक्य यांच्या वजनात केवढा फरक आहे, ते तुम्हीच ठरवा.

भीती घालवणं हाही या कामाचाच भाग. भारताने 100 गिगावॉट सौर आणि 60 गिगावॉट पवन असं 2022 साठीचं उद्दिष्ट ठरवलं तेव्हा ग्रिड चालवणाऱ्यांची धास्ती अगदी खरी होती: ढग आला, वारा पडला की काय करायचं? मग देशाची ग्रिड सांभाळणारी संस्था आणि अमेरिकेतल्या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी मिळून सबंध वर्षाचा, दर पंधरा मिनिटांचा हिशेब मांडला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रिडचा तोल सांभाळता येतो, असं दिसलंच. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कुठली कळ दाबायची तेही दिसलं. कोळशाचे संच दुपारी किती खाली आणता येतात यावर बरंच काही अवलंबून होतं. ते क्षमतेच्या 70 टक्क्यांखाली जाऊ शकत नसतील तर साडेतीन टक्के सौर-पवन वीज नाइलाजाने सोडून द्यावी लागत होती; 55 टक्क्यांपर्यंत आणले तर जेमतेम 1.4 टक्के. नव्या विजेची वाट जुन्या बॉयलरच्या किमान भारातून जाते, हे सौर पॅनेलकडे टक लावून बसलेल्याला कधीच सुचलं नसतं. आणखी एक बारकावा: ग्रिड चालवणारे स्वतः त्या अभ्यासात होते, म्हणून तो त्यांना पटला. हाच हिशेब बाहेरच्या कुणी त्यांच्या टेबलावर नेऊन आदळला असता तर 'यांना काय कळतंय' म्हणून बाजूला पडला असता.

वीज वाचवण्याच्या बाजूला तर फळं आणखी खालच्या फांदीवर असतात, पण तिकडे कॅमेरे जात नाहीत. भारतातच एलईडी बल्बची सरकारी घाऊक खरेदी 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांनी सुरू झाली आणि 2016 मध्ये 38 रुपयांवर आली. अनुदान नव्हतं. मागणीची मोट बांधून लिलाव केले, एवढंच.

आता 'कुणाच्या खिशातून' हा प्रश्न. इथे आमची जमात सगळ्यात जास्त चुकलीय, म्हणून इथे जरा थांबतो. अर्थशास्त्राच्या वहीत कार्बनवरचा कर हे सगळ्यात सुबक उत्तर आहे: प्रदूषण महाग करा, बाकी बाजार बघून घेईल. फ्रान्सने तो लावला. 2018 मध्ये टनाला 44.60 युरो होता, 2019 मध्ये 55 युरो होणार होता. नोव्हेंबर 2018 मध्ये पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि ती वाढ रद्द झाली. दर तिथेच गोठला. त्या लोकांना हवामानाशी वैर नव्हतं. शहराबाहेर राहणाऱ्याला कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नव्हता, डिझेल महागलं की त्याच्या घरखर्चाला थेट कात्री लागत होती, आणि त्याच सुमारास श्रीमंतांवरचा संपत्तीकर सौम्य झाला होता. सरासरी कुटुंबावरचा बोजा किरकोळ आहे, असं कोष्टक दाखवता येत होतं. पण सरासरी कुटुंब नावाचं कुटुंब कुठेच राहत नाही. उत्पन्न, गावापासूनचं अंतर, घर गरम ठेवायचं इंधन यांनुसार बोजा फोडून दाखवला असता आणि कराचा पैसा कुणाला कसा परत जाणार हे आधी सांगितलं असतं, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. 'कदाचित' म्हणतोय, कारण राग फक्त आकड्यांवर चढत-उतरत नाही.

कोळशाच्या गावांचंही हेच. जर्मनीने 2018 मध्ये आयोग नेमला: वीज कंपन्या, कामगार संघटना, कोळसापट्ट्यातली राज्यं, पर्यावरणवादी, शास्त्रज्ञ, सगळे एका टेबलाभोवती. जानेवारी 2019 च्या अहवालात 2038 पर्यंत कोळसा बंद आणि त्या पट्ट्यांसाठी 40 अब्ज युरो अशी शिफारस झाली, 2020 मध्ये कायदा झाला. वर्ष फार लांबचं आहे, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. पण करार टिकाऊ झाला, कारण आकडा ठरताना भरडला जाणारा माणूस खोलीत होता. याउलट दक्षिण आफ्रिकेतलं कोमाती वीजकेंद्र. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा शेवटचा संच बंद झाला. सौर, बॅटरी, प्रशिक्षण केंद्र हे सगळं आराखड्यात होतं, पण बंद होण्याच्या दिवशी उभं नव्हतं. कायम कामगारांची दुसऱ्या केंद्रांत बदली झाली, कंत्राटी कामगार उघड्यावर पडले. रोजगाराचा अभ्यास करताना फक्त कंपनीच्या हजेरीपटावरची माणसं मोजली तर गेटाबाहेरची खानावळ, ट्रकचालक आणि कंत्राटी फिटर निसटून जातात.

मॉडेलांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण नव्या माणसाला त्यांचीच भुरळ पडते. मलाही पडली होती. अगदी सुरुवातीच्या काळात एका नियामकापुढच्या सुनावणीत मी मोठं देखणं मॉडेल मांडलं. वीस वर्षांचे आलेख, रंगीबेरंगी. तिथल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "यातला कुठला एक आकडा बदलला तर तुमचं उत्तर उलटं होतं?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं तर ती गोष्ट संध्याकाळच्या मागणीची होती. मी वर्षाची सरासरी धरून चाललो होतो, आणि सूर्य मावळल्यावरच्या चार तासांनी सगळा निष्कर्ष फिरत होता. त्यानंतर कुठलंही काम हातावेगळं करण्याआधी तो प्रश्न मी स्वतःलाच विचारतो, आणि उत्तर पहिल्या पानावर लिहितो.

बड्या संस्थाही इथे घसरल्यात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे वार्षिक अंदाज वर्षानुवर्षं सौर उभारणी कमी धरत आले. प्रत्यक्ष रेघ वर चढत राहिली आणि अंदाजाची रेघ दरवर्षी आडवी. खर्च उत्पादनाबरोबर उतरतो (सौर पॅनेलच्या बाबतीत एकूण उत्पादन दुप्पट झालं की साधारण पाचव्या हिश्श्याने) ही गोष्ट माहीत असूनही अंदाजात पुरेशी उतरत नव्हती. म्हणून माझा आग्रह असतो की गृहीतकं आणि कोष्टकं खुली ठेवा. आता ओसेमोसिस, पायप्सा यांच्यासारखी वीज व्यवस्थेची मॉडेलं बनवायची चांगली मोफत साधनं आहेत. बंद पेटीतलं मॉडेल दाखवून सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण उरलेलं नाही. भविष्य सांगण्यापेक्षा 'असं झालं तर काय, तसं झालं तर काय, आणि दोन्हीत पस्तावायला लागणार नाही असा निर्णय कोणता' हे सांगणं कठीण असतं. उपयोगाचं तेच.

वेळ साधणं हा वेगळाच भाग आहे. माझा एक दीडशे पानी अहवाल आहे, तो मी सोडून कुणी पूर्ण वाचला असेल असं वाटत नाही. त्याच्यातलंच दोन पानांचं टिपण आणि एक साधी एक्सेल शीट मात्र तीन वर्षांनी एका सुनावणीच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी मागवून घेतली आणि आदेशाच्या मसुद्यात त्यातली रचना आली. नावानिशी आली नाही. याची सवय करून घ्या. काम मार्गी लागलं की ते दुसऱ्याच्या सहीने बाहेर पडतं. निर्णयाची दारं कायम उघडी नसतात. किमती भडकल्या, सरकार बदललं, मोठ्या भागातली वीज गेली की थोडे दिवस उघडतात, आणि त्या वेळी ज्याच्या हातात मसुदा तयार असतो त्याचं ऐकलं जातं. 2022 मध्ये वायूचे भाव भडकल्यावर युरोपीय संघाने डिसेंबरपर्यंत परवानग्या वेगाने देण्याचा तातडीचा नियम केला. पवन प्रकल्पांच्या परवानग्या वर्षानुवर्षं कशा अडकतात, हे तोवर अनेकांनी लिहून ठेवलेलं होतं.

पैसा कुठून येतो, हे मात्र स्वतःला सारखं विचारत राहावं लागतं. पॅनेल विकणाऱ्याच्या पैशातून सौर धोरणाचा अभ्यास आणि कोळसा कंपनीच्या पैशातून ग्रिडच्या स्थैर्याचा अभ्यास, दोन्ही तितक्याच शंकेने वाचावेत. अभ्यास चुकीचाच असतो असं नाही. बहुतेक वेळा उत्तर विकत घेतलेलं नसतं, प्रश्न विकत घेतलेला असतो, आणि म्हणून तो पकडणं अवघड जातं.

आता तुमच्या नोकरीबद्दल. साइटवरची तुमची वर्षं वाया जाणार नाहीत; ट्रान्सफॉर्मर यायला किती महिने लागतात आणि जोडणीची परवानगी कुठल्या टेबलावर अडते, हे ज्याने भोगलंय त्याच्या टिपणात जीव असतो. पहिले सहा महिने मॉडेलला हात लावू नका. नियामकांचे दरविषयक आदेश वाचा, मागची परिशिष्टंसुद्धा, कारण खरी भांडणं तिथे असतात. सार्वजनिक सुनावणीला जाऊन मागच्या बाकावर बसा. एखाद्या वितरण कंपनीच्या हिशेबनिसाबरोबर दोन दिवस काढता आले तर सोडू नका. मुलाखतीला जाल तेव्हा त्या गटाला दोनच गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत त्यांच्या कामामुळे कुठल्या आदेशातलं कुठलं कलम बदललं? आणि पैसे देणाऱ्याला न आवडलेला कुठला निष्कर्ष त्यांनी छापला? दोन्हींपैकी एकाचं जरी ठोस उत्तर आलं तर जा. दोन्हींवर नुसते प्रकाशन समारंभाचे फोटो दाखवले, तर सध्याचा पगार घेत साइटवरच राहा आणि रात्री आदेश वाचायला लागा. पुढची संधी येईल तेव्हा तुम्ही त्यांच्यापेक्षा तयार असाल.